वरची दाढ आणि डोळा

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण शब्दप्रमाणाबद्दल बोललो. आप्ताचं, म्हणजे विश्वासू जाणकाराचं म्हणणं खरं धरून चालायचं. न्यायदर्शनानं ते ज्ञानाचं एक साधन मानलं आहे. शेवटी प्रश्न असा उरला होता, की जाणकार ज्या कारणानं बोलला ते कारणच पुढे राहिलं नाही, तर त्याच्या शब्दाचं काय करायचं? आज त्यासाठी एक उदाहरण घेऊ, आणि ते आपल्या तोंडातलंच घेऊ.

वरची दाढ काढली की नजर जाते. अहिल्यानगर जिल्ह्यात (आमच्या तोंडात अजून नगर जिल्हाच येतो) दाताच्या दवाखान्यातल्या बाकावर बसा, हे वाक्य कानावर येईल. खालची काढा डॉक्टर, वरचीला गोळ्या द्या. चांगली शिकलेली माणसंही हे बोलतात. याला अडाणीपणा म्हणून मोकळं होता येईल, पण हे वाक्य कुठून आलं ते पाहिलं तर थबकायला होतं.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात बाविसावा अध्याय मुखरोगांचा आहे. तिथे आचार्य सांगतात, की वरचा, मुळाशी घट्ट असलेला दात उपटला तर रक्त फार जातं, त्यातून भयंकर विकार होतात. माणूस डोळ्यानं अधू होतो, त्याचं तोंड वाकडं होतं. म्हणून वरचा दात हलत असला तरी वैद्यानं तो काढू नये. बाकावरची आजी जे बोलते ते शास्त्रवचन आहे! मूळ ग्रंथ तिनं पाहिलेला नाही, पण वचन तिच्यापर्यंत पोचलं आहे. तिकडे रोममध्ये इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्ससनं हाच इशारा दिला: दात जपून काढा, विशेषतः वरचा, कारण धक्का डोळ्यांना आणि कानशिलांना बसू शकतो.

म्हणजे त्या काळच्या हुशार, अनुभवी माणसांचा हा निष्कर्ष होता, आणि त्यांच्या परिस्थितीत तो शहाणपणाचा होता. बधिर करण्याचं औषध नाही, रोगी धडपडतोय, हत्यार निर्जंतुक करण्याची कल्पनाच नाही, रक्त थांबवायला डाग देण्यापलीकडे फारसं काही नाही. जास्तीचा दात काढल्यावर त्या जागी डागावं, असं सुश्रुत सांगतातच. अशा वेळी ‘हात लावू नका’ हा सल्ला योग्यच म्हणायचा.

आता कारणं पाहू. वरच्या दाढांच्या मुळांशेजारी वरच्या जबड्याच्या हाडातली एक हवेची पोकळी असते. डोळा तिच्याही वर. दातांची संवेदना नेणारी मज्जातंतूची शाखा वेगळी, दृष्टीची नस वेगळी. काही वेळा वरच्या दाढेजवळच्या बधिर करण्याच्या इंजेक्शननं थोडा वेळ दोन-दोन दिसतं किंवा धूसर दिसतं. ते क्वचित होतं आणि औषध उतरलं की जातं. मग समजूत टिकली कशी? आपल्याकडे काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि ताडाचं फळ पडायला एकच गाठ. दाढा किडून काढायची वेळ बहुतेकांवर चाळिशीनंतर येते, आणि जवळचं वाचायला चष्माही चाळिशीतच लागतो. चष्म्यालाच आपण चाळिशी म्हणतो की! दाढ गेली आणि पाठोपाठ सुईत दोरा ओवेना. माणूस जोड लावतोच.

यातला चटका लावणारा भाग पुढे आहे. वरच्या दाताच्या मुळाशी पू झाला आणि तो तसाच राहू दिला, तर जंतुसंसर्ग चेहऱ्यातल्या शिरांवाटे डोळ्याच्या खोबणीकडे आणि कवटीच्या आत जाऊ शकतो. असं क्वचितच होतं, पण झालं तर डोळा जातो, जीवही जातो. म्हणजे डोळा वाचावा म्हणून जी दाढ ठेवली, तीच डोळ्यावर उठू शकते. जुना शब्द तोच राहिला आणि त्याचा परिणाम उलटा झाला.

हा बदल कुठे झाला? १८४४ मध्ये होरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्यानं नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली. १८४६ मध्ये मॉर्टननं इथर वापरून दाखवलं. १८८४ च्या सुमाराला हॉल्स्टेडनं कोकेननं खालच्या जबड्याची नस बधिर केली (आणि स्वतः त्या औषधाच्या आहारी गेला). पुढे प्रोकेन आलं, मग १९४३ मध्ये लिग्नोकेन तयार झालं. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यातली सुई बहुधा त्याचीच असते. रोगी शांत बसू लागला आणि वैद्याला सावकाश काम करता येऊ लागलं, हे सगळ्यात मोठं. कारण दात ओढून काढायचा नसतो. चिमटा मुळाकडे खाली दाबून धरायचा, दात हळूहळू आत-बाहेर झुलवायचा, भोवतालचं हाड थोडं पसरू द्यायचं. मग तो जवळजवळ आपणहून येतो. वरच्या पुढच्या दाताचं मूळ शंकूसारखं, म्हणून त्याला थोडं फिरवता येतं. दाढेला तीन मुळं, तिथे फिरवाल तर मूळ मोडेल. अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या यंत्रशास्त्राच्या ग्रंथातही प्रश्न आहे, की हातापेक्षा चिमट्यानं दात सोपा का निघतो? उत्तर: चिमटा म्हणजे एकमेकांसमोर लावलेल्या दोन तरफा. सुश्रुतांच्या यंत्रांत ‘संदंश’ आहे. आपल्या स्वयंपाकघरातली सांडशी त्याच शब्दाची लेक.

ज्ञान एकाच दिशेनं पुढे जातं असं मात्र समजू नका. १९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरनं माँट्रियलमध्ये व्याख्यान दिलं. दातांतला संसर्ग शरीरभर रोग पसरवतो, असा त्याचा रोख. त्यानंतर दोन-तीन दशकं पाश्चात्त्य देशांत संधिवातापासून वेडापर्यंत सगळ्यावर उपाय म्हणून लोकांचे धडधाकट दात काढले गेले. न्यू जर्सीच्या वेड्यांच्या इस्पितळात हेन्री कॉटननं तेच केलं. एकीकडे न काढण्याचा हट्ट, दुसरीकडे काढण्याचा. दोन्ही हट्ट आप्तवचनावरच उभे होते.

आपल्याकडे दात कुणी काढावा हे कायद्यानं १९४८ मध्ये ठरलं. त्या वर्षीच्या दंतवैद्यक कायद्यानं नोंदवहीचे दोन भाग केले. पहिल्यात पदवीधर, दुसऱ्यात पदवी नसलेले, पण निदान पाच वर्षं याच धंद्यावर पोट भरणारे. म्हणजे हाताच्या ज्ञानाला कायद्यानं एकदा, शेवटचं, मान दिला. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंतमहाविद्यालय १९३३ पासून होतं, पण नगरच्या बाजारात दाढ उपटणाऱ्या माणसाला ते फार दूर होतं. आज लोणी, संगमनेर आणि नगर अशी तीन ठिकाणी दंतमहाविद्यालयं आहेत. लोणी-प्रवरानगर म्हणजे सहकारी साखर कारखान्याचं गाव. १९५० च्या सुमाराला तिथे ऊस गाळायला लागला आणि त्याच परिसरात पुढे रूरल डेंटल कॉलेज आलं. साखरेच्या गावात दातांचं कॉलेज, हा योग आम्हाला फार आवडतो. त्याच लोणीच्या बैलबाजारात गिऱ्हाईक पहिल्यांदा बैलाचं तोंड उघडतं: आदत आहे, दुसा आहे की चौसा? बैलाचे दात मोजणारा आपले मोजत नाही.

पदवी मिळाली म्हणजे शिक्षण पुरं झालं का? भारतीय दंत परिषदेनं २००७ मध्ये दंतवैद्यांच्या निरंतर शिक्षणाचे नियम केले. कार्यक्रमांना हजेरी लावून गुण जमवायचे. गरज खरी आहे. पूर्वी शिकवत, की रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दात काढण्याआधी ती बंद करा. आता बहुतेक रोग्यांत साध्या दातासाठी ती चालूच ठेवतात, आणि जागेवर दाब देऊन, टाका घालून रक्त आवरतात. गोळी थांबवून हृदयाला किंवा मेंदूला झटका येण्याचा धोका मोठा. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेल्या काही औषधांमुळे दात काढल्यावर जबड्याचं हाड मृत होऊ शकतं, हे २००३ पासून लक्षात येऊ लागलं. ज्यानं १९९५ मध्ये पदवी घेतली त्याला हे पुस्तकात कसं मिळणार? गुटख्यानं तोंड दोन बोटंही उघडत नाही अशा रोग्याची दाढ कशी काढायची, हेही बसून ऐकण्यानं येत नाही.

इथे पुन्हा सुश्रुत. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात ते सरावाच्या वस्तू सांगतात. ओढून काढण्याचा सराव फणस, तोंडली, बेलफळ यांच्या गरावर करावा, आणि मेलेल्या जनावराच्या दातांवर. कितीही शास्त्र ऐकलेला असो, सराव नसेल तर तो कामाला अयोग्य, असं त्यांनी स्पष्टच म्हटलं आहे. ज्या ग्रंथानं वरचा दात काढू नका म्हटलं, त्याच ग्रंथानं शिकायचं कसं हेही सांगितलं. आपण पहिलं जपलं, दुसरं विसरलो. वातानुकूलित सभागृहात सही करून, जेवून, प्रमाणपत्र घेऊन निघणं याला आम्ही निरंतर शिक्षण म्हणायला तयार नाही.

तसं शिक्षण आपल्याच जिल्ह्यात होऊन गेलं आहे. जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं. खेड्यांतल्या बायका, त्यांतल्या कितीतरी निरक्षर, दर आठवड्याला जामखेडला यायच्या. आठवडाभरात गावात काय पाहिलं ते आधी त्या सांगायच्या, मग त्यावरून धडा. गरोदर बाईनं कमी खावं, अशा जुन्या समजुती त्या बायकांनीच गावात तपासल्या आणि सोडायला लावल्या. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथला विषय दातांचा नव्हता. पण धडा रोग्यापासून सुरू होतो आणि दर आठवड्याला सुरू होतो, हे दाताच्या डॉक्टरांनी तिथून जसंच्या तसं उचलावं.

कारण रोगी कोण आहे? पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, पाच-सहा महिने फडावर काढायचे. अशी बाई दाढेला मिश्री लावून लावून थकते, मग दवाखान्यात येऊन म्हणते, उपसून टाका, उद्या गाडी आहे. दाढ रूट कॅनॉल करून वाचण्यासारखी असते, पण त्याला तीन-चार फेऱ्या, वर टोपीचा खर्च, आणि दर फेरीला एक खाडा. डॉक्टर काय करील? दाढ काढणं इथे वैद्यकापेक्षा मजुरीनं ठरतं. आणि दाढ वरची असेल तर तीच बाई दारातून परत फिरते, गोळ्यांची पुडी घेऊन फडावर जाते, आणि मार्चमध्ये सुजलेला गाल घेऊन येते.

तिला ‘तसं काही नसतं हो’ म्हणून भागत नाही. तिचं म्हणणं कुठून आलं, तेव्हा ते बरोबर का होतं, आज का नाही, आणि दाढ ठेवली तर डोळ्यालाच काय होऊ शकतं, हे तिच्या भाषेत सांगायला पाच मिनिटं लागतात. सरावाच्या शिबिरात जबड्याच्या नमुन्यावर चिमटा कसा धरायचा ते दाखवतात. ही पाच मिनिटंही तिथे घोकून घ्यायला हवीत, दोघा-दोघांना समोरासमोर बसवून, एकानं डॉक्टर व्हायचं आणि एकानं फडावर निघालेली बाई.