चक्कर नक्की कुठे असते?

"'चक्कर' हा शब्द न वापरता सांगा काय होतं ते," डॉक्टर म्हणाले आणि माझी पंचाईत झाली. तसा आपल्या मराठीत शब्दांना तोटा नाही. भोवळ आहे, घेरी आहे, डोळ्यांपुढे अंधारी येते, डोकं गरगरतं, झोक जातो. पण मला होतं ते यातलं कुठलंच धड नव्हतं. शेवटी म्हटलं, मी जागच्या जागी उभी असते आणि फरशी होडीसारखी हलते. तासभर, कधी दिवसभर. त्यांनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं.

याआधी दोन वर्षांत माझी चक्कर बरीच हिंडून आली होती. एकांनी ती मानेच्या मणक्यात आहे म्हणून कॉलर दिली. दुसऱ्यांनी ती कानात आहे म्हणून गोळ्या दिल्या. तिसरे म्हणाले, टेन्शन घेऊ नका. हे चौथे डॉक्टर म्हणजे चक्कर याच विषयात काम करणारे न्यूरॉलॉजिस्ट. त्यांनी चाळीस मिनिटं नुसते प्रश्न विचारले, आणि तेही भलतेच! लहानपणी बस लागायची का? चक्कर येते तेव्हा ट्यूबलाइट सहन होते का? कुकरची शिट्टी? विशीत डोकं दुखायचं का? आईचं? आजीचं? मग कानात गार आणि गरम पाणी सोडून डोळ्यांची हालचाल पाहिली (हा प्रकार ज्याने अनुभवला त्यालाच कळेल). ती ठीक निघाली. निदान झालं 'व्हेस्टिब्युलर मायग्रेन'. म्हणजे तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेतली अर्धशिशी. डोकं न दुखताही ती येऊ शकते.

घरी येऊन वाचत बसले, तेव्हा लक्षात आलं की चक्करेला जागा न सापडण्याची ही गोष्ट फार जुनी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातल्या डॉक्टरांच्या लेखी अचानक येणारी मोठी चक्कर म्हणजे मेंदूत रक्त साचणं. झटक्याचा धाकटा भाऊच म्हणा ना. मग उपाय काय? रक्त काढा, जळवा लावा. आधीच जमीन फिरतेय, वर उलट्या, आणि त्यात हे! पॅरिसमध्ये मूकबधिरांच्या सरकारी संस्थेचे प्रमुख होते प्रॉस्पेर मेनिएर. कानाचे रुग्ण ते रोज पाहत. त्यांना दिसलं की अशी चक्कर येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या कानात आवाज येतो, मग हळूहळू ऐकू कमी येतं, आणि झटके येऊनही लकवा वगैरे काही होत नाही. मग हे मेंदूचं कसं? त्याआधी 1820 च्या दशकात फ्लूरांस या शास्त्रज्ञाने कबुतरांच्या आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका कापून पाहिल्या होत्या. जी नलिका कापावी त्या दिशेने कबुतर गरगर फिरायचं. मेनिएर यांनी दोन्ही गोष्टी जोडल्या आणि 8 जानेवारी 1861 रोजी पॅरिसच्या वैद्यक अकादमीत निबंध वाचला, की चक्कर कानातून येऊ शकते. फारसं कोणी मनावर घेतलं नाही. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत ते वारले. त्यांच्या नावाचा आजार आज जगभर ओळखला जातो, हे पाहायला ते उरले नाहीत.

गंमत अशी, की या रुग्णांमध्ये मायग्रेन आढळतो हे मेनिएर यांनीही टिपलं होतं. पण चक्कर एकदा कानात गेली ती गेलीच. 1873 साली एडवर्ड लिव्हिंग या इंग्रज डॉक्टरने अर्धशिशीवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. अर्धशिशी म्हणजे मज्जासंस्थेत उठणारं वादळ, अशी त्याची कल्पना, आणि त्या वादळात चक्करही असते हे त्याने मांडलं. पण डोकं पाहणारे डॉक्टर वेगळे आणि कान पाहणारे वेगळे. दोघांच्या मध्ये जी चक्कर होती ती कोणाचीच नाही.

कानात पाणी सोडायची ती परीक्षा रॉबर्ट बारानी यांची, व्हिएन्नाची. त्याची कथा मला फार आवडली. ते रुग्णांचे कान पिचकारीने धूत असत. एकाने तक्रार केली की पाणी फार गार आहे म्हणून चक्कर येते. बरं, म्हणून गरम पाणी घेतलं, तर ते फारच गरम निघालं आणि पुन्हा चक्कर! पण या खेपेला डोळे उलट दिशेने हलत होते. दुसरा एखादा रुग्णावर वैतागला असता. बारानींना बंबातलं पाणी आठवलं. तापलं की वर चढतं, गार झालं की खाली बसतं. कानाच्या नलिकेतल्या द्रवाचंही तसंच होत असणार. (1983 साली अंतराळातल्या स्पेसलॅबमध्ये ही परीक्षा केली. तिथे वरही नाही आणि खालीही नाही, तरी डोळे हलले! म्हणजे बंब हे पूर्ण उत्तर नव्हतं. परीक्षा मात्र टिकली.) 1914 चं नोबेल त्यांना मिळालं तेव्हा ते रशियनांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत होते. स्वीडिश रेडक्रॉसच्या रदबदलीमुळे 1916 मध्ये सुटले.

पण माझ्यासारख्यांची त्या परीक्षेतही बहुधा काही खोट निघत नाही. म्हणून पुढची कित्येक वर्षं अशा चक्करेला कोणी काय तर कोणी काय नाव देत राहिलं. 1984 मध्ये कायान आणि हूड यांनी 200 मायग्रेन रुग्णांना नीट विचारलं, तर सुमारे पाव जणांना चक्कर येत होती. नुसत्या ताणाच्या डोकेदुखीवाल्यांत हे प्रमाण बरंच कमी होतं. 1999 मध्ये डीटरिश आणि ब्रांट या जर्मन जोडीने 'व्हेस्टिब्युलर मायग्रेन' हे नाव रुळवलं. आणि 2012 साली, बारानींच्याच नावाच्या संस्थेने डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबर बसून निकष ठरवले. निदान पाच झटके. प्रत्येक 5 मिनिटं ते 72 तास. पूर्वी किंवा आता मायग्रेन. आणि निम्म्या तरी झटक्यांत डोकेदुखी, किंवा प्रकाश आणि आवाज दोन्ही नकोसे होणं, किंवा डोळ्यांपुढे नागमोडी चमक. दुसऱ्या कशाने याचा उलगडा होत नसेल, तरच. एकही रक्ततपासणी नाही, स्कॅन नाही (ते करतात, पण दुसरं काही नाही ना हे पाहायला). सगळं रुग्णाच्या सांगण्यावर!

आपल्याकडचं सांगायचं तर सुश्रुतसंहितेत शिरोरोगांमध्ये अर्धावभेदक आहे, म्हणजे आपली अर्धशिशी. त्याच्या लक्षणांत अर्ध्या डोक्यातल्या कळांबरोबर 'भ्रम' सरळ नोंदवला आहे. भ्रम म्हणजे चक्कर. दर पंधरा दिवसांनी, दहा दिवसांनी किंवा अवचित उठणारा आजार, हेही आहे. यावरून 'आमच्याकडे सगळं आधीच होतं' असा सूर लावायचा माझा विचार नाही. कारण कशाने होतं आणि काय करायचं, यातलं आजचं बरंच काही तिथे नाही. पण डोकं आणि चक्कर एका ओळीत होती एवढं खरं.

असो. निकषांची ती यादी वाचताना मला डॉक्टरांचा आजीबद्दलचा प्रश्न आठवत राहिला. आमच्या आजीला 'पित्त' व्हायचं. नात्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. कपाळाला सुंठेचा लेप, माजघरात अंधार, भांडी आपटायची नाहीत, आणि न्हाणीघरापर्यंत भिंत धरून जायचं. उलटी झाली की थोडं बरं. तिच्यामागे तिला 'नाजूक' म्हणत, आणि तो शब्द कौतुकाचा नव्हता.

आईला फोन केला. म्हटलं, आजीचं ते किती वेळ चालायचं गं? "सकाळी सुरू झालं की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. भिंत फिरते म्हणायची." मग थोडं थांबून म्हणाली, "माझं डोकं चाळिशीनंतर थांबलं बघ. आता नुसतं गरगरतं."

आईच्या गळ्यात आठ वर्षं कॉलर आहे. पुढच्या महिन्यात तिची वेळ घेतली आहे. तोवर तिला एक वही दिली आहे. तारीख, किती वेळ, उजेड सहन झाला का, आवाज सहन झाला का, एवढं लिहायचं. 'चक्कर' हा शब्द न वापरता.