चाकांवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो, आणि म्हणताना त्या विंचवाची थोडी कीवच करतो. घर आणि जमीन यांची गाठ आपल्या मनात इतकी पक्की बसली आहे, की ज्याच्या घराला पाया नाही त्याला आपण बेघरच समजतो. घराचा पाया खणताना आपण भूमीची पूजा करतो, घर उभे राहिले म्हणजे वास्तुशांत करतो. चाके लावलेली वस्तू ती गाडी. तिच्यात बसावयाचे, राहावयाचे नव्हे. आपल्याकडचा घिसाडी पिढ्यान्‌पिढ्या गाडीवर संसार लादून गावोगाव हिंडला, गावाबाहेर भाता फुंकून आपल्या विळ्या-कोयत्यांना धार देत आला. परंतु 'तुझे घर कोणते?' या प्रश्नाला त्याने गाडीकडे बोट दाखविले असते, तर ते उत्तर आपण मान्य केले असते काय?

हा प्रश्न मला सुचला तो एका दूरच्या देशातील हौसेचा इतिहास वाचताना. अमेरिकेत अशी पुष्कळ कुटुंबे आहेत, की जी शाळेची जुनी, मोडीत निघालेली बस विकत घेतात, अंगणात आणून उभी करतात, तिच्यातील बाके उपटून काढतात, आणि सुट्टीच्या दिवशी हातात करवत-हातोडा घेऊन तिचे घर करू लागतात. या घराला त्यांनी 'स्कूली' असे लाडके नाव ठेवले आहे. वरवर पाहता ही मोठी विक्षिप्त हौस वाटते. परंतु तिच्या मागे शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि तो आपण समजतो त्याहून वेगळा आहे.

प्रारंभी ही श्रीमंतांची चैन होती. १९१५ साली रोलंड कॉंकलिन नावाच्या गृहस्थांनी आपल्याच बस-कारखान्यात एक प्रचंड गाडा तयार करविला. लांबी २५ फूट, वजन आठ टन. आत स्वयंपाकघर, आगगाडीत असतात तसे झोपण्याचे बर्थ, विजेचे दिवे, पुस्तकांचे लपविलेले कपाट, फोनोग्राफ. आणि एवढ्याने भागेना म्हणून छपरावर बाग! 'जिप्सी व्हॅन' हे त्याचे नाव. या गाड्यात बसून कॉंकलिन कुटुंब न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडहून थेट सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत गेले. ज्यांच्यापाशी बसचा कारखानाच आहे, त्यांना बसचे घर करणे अवघड नाही. प्रश्न असा, की कारखाना नसलेल्या माणसाच्या हाती ही गोष्ट आली कशी?

ती आली शाळेच्या मुलांमुळे. खेड्यापाड्यांतील एकशिक्षकी शाळा बंद करून त्यांच्या जागी मध्यवर्ती शाळा काढण्याचे धोरण अमेरिकेत सुरू झाले, तेव्हा मुलांची ने-आण करण्याचा प्रश्न उभा राहिला. पहिल्या बसगाड्यांची शरीरे लाकडी. कच्च्या रस्त्यांवर हिसके खाऊन त्या खिळखिळ्या होत. १९२७ साली जॉर्जिया राज्यातील फोर्ट व्हॅली या गावी ल्यूस नावाच्या मोटारविक्रेत्याने लोखंडी सांगाड्याची बस बांधली. 'ब्लू बर्ड' या कंपनीचा उगम तो. पुढे एप्रिल १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात फ्रँक सायर या प्राध्यापकांनी देशभरची शिक्षणखाती व बस बांधणारे यांची परिषद भरविली, आणि शाळेच्या बसची ४४ प्रमाणे ठरवून टाकली. आज जगप्रसिद्ध असलेला तो पिवळा रंगही तिथलाच. पहाटेच्या अंधुक प्रकाशात त्यावरील काळी अक्षरे चटकन वाचता यावीत, हा त्यातील हेतू.

यातून एक अनपेक्षित परिणाम घडला. मुलांच्या जिवाची काळजी म्हणून बसचे शरीर इतके भक्कम झाले, की इंजिन थकले, शाळेने गाडी लिलावात काढली, तरी सांगाडा ठणठणीत राहू लागला. म्हणजे छप्पर, भिंती, खिडक्या, दार असे सारे तयार असलेली वस्तू भंगाराच्या मोलाने मिळू लागली. मात्र कित्येक राज्यांचा नियम असा, की विकलेल्या बसचा पिवळा रंग बदललाच पाहिजे. मुलांसाठी राखून ठेवलेला तो रंग इतरांनी मिरवावयाचा नाही. तेव्हा घर होण्याच्या वाटेवर बसचे पहिले पाऊल म्हणजे जुनी ओळख पुसणे. एका अर्थी हा नामकरणविधीच म्हणावयाचा.

त्यानंतरचे काम कष्टाचे. बाके जमिनीला बोल्टांनी जखडलेली असतात. ती निघाली, की पत्र्याला शेकडो भोके राहतात आणि त्यांभोवती गंज असतो. तो खरवडावयाचा, भोके बुजवावयाची, वर उष्णता अडविणारा थर आणि प्लायवुड घालावयाचे. भिंती पत्र्याच्या, म्हणून उन्हाळ्यात भट्टी. आणि हिवाळ्यात माणसांच्या श्वासाचेच पाणी होऊन छतावरून ठिबकते. मागच्या चाकांच्या कमानी खोलीत घुसलेल्या असतात, त्यांवर पलंग किंवा बैठक बसवून त्या झाकावयाच्या. आणि सर्वांत मोठा हिशेब वजनाचा. जमिनीवरील घराचा भार धरणीमाता मुकाट्याने सोसते. इथे तो सहा टायरांनी सोसावयाचा असतो. दोनशे लिटर पाण्याची टाकी म्हणजे दोनशे किलो वजन. ती एका बाजूस ठेवली, तर गाडी तिकडे कलणार. म्हणून ती खाली, आसाच्या जवळ. शेगडी कुठे, कपाट कुठे, याचा निर्णय गृहिणीच्या सोयीने होतो तितकाच आसांच्या सोयीने होतो. आयुष्यात नक्की कशाकशाची गरज आहे, हे अशा घरात तराजूवर तोलून ठरवावे लागते.

आता या हौसेच्या इतिहासातील सर्वांत गाजलेल्या बसकडे वळू. १९६२ साली पहिल्याच कादंबरीने प्रसिद्धी पावलेले कॅलिफोर्नियातील लेखक केन केसी यांनी १९६४ मध्ये १९३९ च्या बनावटीची शाळेची एक जुनी बस घेतली. दुसरी कादंबरी न्यूयॉर्कला प्रसिद्ध होत होती, तिथे जागतिक प्रदर्शनही भरले होते. मित्रमंडळींसह तिकडे जावयाचे, असा बेत. बसवर नाना रंगांचे फराटे मारले गेले. छपराला भोक पाडून त्यात कपडे धुण्याच्या यंत्राचे पिंप बसविले, म्हणजे त्यात उभे राहून सभोवार पाहता यावे. मागे जनरेटर ठेवण्यासाठी फळा जोडला, आत-बाहेर ध्वनिक्षेपक लावले. कपाळावर नाव रंगविले 'फर्दर', म्हणजे 'आणखी पुढे', आणि त्याच्या स्पेलिंगातही चूक केली. चालक होता नील कॅसडी, जॅक केरुअ‍ॅक यांच्या 'ऑन द रोड' या कादंबरीच्या नायकाचे जिवंत मूळ. बरोबर एलएसडी हे मादक द्रव्य होते. त्या वेळी ते कायद्याने निषिद्ध नव्हते. १९६८ मध्ये टॉम वुल्फ यांनी या प्रवासावर ग्रंथ लिहिला, आणि ही बस एका बंडखोर पिढीचे प्रतीक होऊन बसली. घर, संसार, व्यवस्था यांना पाठ दाखवून निघालेल्यांची ही बस, असा तिचा लौकिक झाला.

परंतु केसींनी ती घेतली तेव्हा तिच्यात झोपावयाचे बाकडे होते, स्वयंपाकघर होते, न्हाणीघर होते. हे सारे कोणी केले? अथर्टन गावच्या एका विक्री-अभियंत्याने. त्या गृहस्थास अकरा मुले होती, आणि त्यांना सुट्टीत हिंडावयास नेता यावे म्हणून त्याने ही बस सजविली होती. अकरा मुले घेऊन प्रवास करणारा बाप दुसरे काय करणार!

मला या ठिकाणी थांबावेसे वाटते. संसार झुगारून निघालेले ते तरुण रात्री पाठ टेकीत होते, ती एका संसारी माणसाच्या सुतारकामावर. त्यांच्या बंडाला बिछाना पुरविला तो एका बापाने. रंगाचे फराटे सर्वांना दिसले, त्यांवर ग्रंथ झाले. आत कोणी फळ्या रंधल्या, कोणी बाकड्यांची उंची मुलांच्या मापाने बेतली, याची नोंद एका ओळीपुरती राहिली. इतिहासात घरे वसविणाऱ्यांच्या वाट्याला बहुधा एवढीच ओळ येते.

ही बस ज्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीची, तिचे नाव आपल्या शेतकऱ्यांस परके नाही. 'हार्वेस्टर' म्हणजे कापणी करणारा. शिकागोची ही कंपनी मुळात शेतीच्या यंत्रांची, आणि १९६३ साली महिंद्र व व्होल्टास यांच्या भागीदारीत तिनेच मुंबईत ट्रॅक्टरचा उद्योग काढला. याच कंपनीची, १९४६ च्या बनावटीची आणखी एक बस घराच्या इतिहासात अमर झाली, पण फार करुण रीतीने. अलास्कातील फेअरबँक्स शहराची ही १४२ क्रमांकाची बस. १९६१ च्या सुमारास तिचे इंजिन काढून, आत खाटा व लाकडाची शेगडी बसवून ती अरण्यात ओढीत नेली. स्टॅम्पीड रस्त्याच्या कामावरील माणसे तिच्यात राहत, एक कुटुंबही काही काळ राहिले. म्हणजे हिचाही आरंभ संसारानेच झाला. काम संपले, आणि बस तिथेच टाकून लोक निघून गेले. १९९२ च्या वसंतात क्रिस्टोफर मॅकँडलेस हा चोवीस वर्षांचा तरुण तिच्यात येऊन राहिला. परतावयास निघाला तेव्हा वाटेतील नदी फुगली होती. तो मागे फिरला, आणि ऑगस्टमध्ये त्याच बसमध्ये उपासमारीने मरण पावला. पुढे त्याच्यावर पुस्तक निघाले, चित्रपट झाला, आणि बस पाहावयास यात्रेकरू जाऊ लागले. दोघीजणी त्या वाटेवरील नदीत बुडाल्या. अखेर १८ जून २०२० रोजी हेलिकॉप्टरने बस उचलून नेली. आता ती अलास्का विद्यापीठाच्या वस्तुसंग्रहालयाकडे आहे.

याच्या उलट तिसरी हकीकत. १९७० च्या ऑक्टोबरात स्टीफन गॅस्किन हे सॅन फ्रान्सिस्कोचे प्रवचनकार आपल्या श्रोत्यांसह बसगाड्यांचा तांडा घेऊन देशभर निघाले. हिंडून झाल्यावर १९७१ साली टेनेसी राज्यातील समरटाऊनजवळ जमीन घेऊन त्यांनी तांडा थांबविला. आरंभी तीनशेच्या आसपास माणसे. घरे नव्हती म्हणून बसमध्येच राहिली, पोरेबाळे झाली, शेती केली, हळूहळू घरे बांधली. 'द फार्म' ही वसाहत अद्याप आहे. तिथल्या बसगाड्यांची चाके थांबली, ती शेजार मिळाला म्हणून. अलास्कातील बसला छप्पर होते, शेगडी होती, खाट होती. नव्हते ते इंजिन आणि शेजार. या दोहोंपैकी एक तरी असल्याशिवाय घर हे घर होत नाही, असे या दोन हकीकती शेजारी ठेवल्या म्हणजे वाटते.

हौस आणि निरुपाय यांतील अंतरही विसरून चालणार नाही. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर अमेरिकेत कित्येक वृद्ध माणसे घर परवडत नाही म्हणून गाड्यांतून राहू लागली, हंगामी कामाच्या मागे गावोगाव फिरू लागली. जेसिका ब्रूडर यांनी २०१७ च्या आपल्या पुस्तकात त्यांची कहाणी सांगितली आहे. कॉंकलिनसाहेबांचा गाडा आणि त्यांची गाडी, चाके दोहोंनाही आहेत. फरक इतकाच, की एकाला परत जावयास घर होते. आपला घिसाडी या दुसऱ्या पंक्तीतला.

'फर्दर' बसचे पुढे काय झाले? १९६९ नंतर ती केसींच्या ऑरेगन राज्यातील शेतावर गेली, आणि तिथल्या दलदलीत गंजत, शेवाळत पडली. १९९० साली केसींनी दुसरी बस घेऊन तिचे प्रतिरूप केले. २००१ मध्ये ते वारले. २००५ साली जुनी बस दलदलीतून ओढून काढण्यात आली. तिच्यावरील रंगांचे काय करावे, याची चर्चा मंडळी करीत असतात.

मला रंगांपेक्षा आतल्या त्या बाकड्यांची आठवण येते. एखाद्या रविवारी एक माणूस बसमध्ये ओणवा होऊन माप घेत असेल, धाकटे पोर खिळे हातात देत असेल, मोठी भावंडे खिडकीजवळची जागा कोणाची यावर भांडत असतील. बस अजून अंगणातून हललीही नसेल. पण घर त्याच घटकेला झाले होते.