लोखंडाची जकात आणि आमच्या घरातला वाद

२०२२ च्या उन्हाळ्यात आमच्या घराच्या वरच्या मजल्याचा स्लॅब घालायचा होता. खांब उभे राहून दोन महिने झाले होते, पण सळीचा भाव ऐकून कंत्राटदाराला पुढे हो म्हणायचा धीर होत नव्हता. सरकारी कारकुनाचे घरबांधणी कर्ज ते किती, आणि त्यात लोखंड वर्षभर चढतच चाललेले. तशात मे महिन्यात केंद्र सरकारने एक अधिसूचना काढली. पोलादाच्या बऱ्याच प्रकारांवर १५ टक्के निर्यात शुल्क बसले आणि लोह खनिजावरचे निर्यात शुल्क ५० टक्क्यांवर गेले. माल देशाबाहेर जाणे कमी झाले, देशातला भाव उतरला आणि पावसाची पहिली मोठी सर येण्याआधी आमचा स्लॅब पडला. मी मनोमन सरकारचे आभार मानले.

चार दिवसांनी माझा मेव्हणा आला. तो डिचोलीकडचा. त्याचा खाणीवर चालणारा एक ट्रक आहे. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने परत थांबल्या. मधल्या काळात लिलावात काढलेल्या जुन्या खनिजाची जी वाहतूक होई, तीवर त्याचे घर चालत होते. पावसाळ्यानंतर काम मिळणार म्हणून त्याने कर्ज काढून नवे टायर घातले होते. आपले गोव्याचे खनिज बहुतांशी कमी प्रतीचे. ५८ टक्क्यांहून कमी लोह असलेल्या अशा मालावर तोपर्यंत निर्यात शुल्क नव्हते. आता एकदम ५० टक्के! स्लॅबकडे बघत तो म्हणाला, "भावजी, तुमची सळी स्वस्त झाली ती बरी गोष्ट. पण तिचे पैसे माझ्या टायरातून गेले."

मला उत्तर सुचले नाही. नोव्हेंबरात सरकारने ते शुल्क मागे घेतले, पण तोवर त्याची चवथ आणि दिवाळी दोन्ही तशाच गेल्या होत्या.

तेव्हापासून जकात हा शब्द ऐकला की मला त्याचे ते वाक्य आठवते. कला शाखेचा पदवीधर असल्याने अर्थशास्त्र मला बेताचेच कळते, पण इतिहासाची खोड आहे. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात शनिवारी बसून जुनी पुस्तके चाळताना लक्षात आले की आमच्या घरात झालेला हा वाद शंभर वर्षांपूर्वी सिमल्याच्या सभागृहात झालेला आहे, आणि तोही बराच नेटका. आज त्याचीच गोष्ट सांगावी म्हणतो.

गोष्टीची सुरुवात आपल्या रानड्यांपासून करावी लागते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ साली पुण्याच्या औद्योगिक परिषदेत हिंदुस्थानातल्या लोखंडाच्या धंद्यावर निबंध वाचला. इंग्रजी पद्धतीने लोखंड गाळण्याचे इथले पहिले प्रयत्न का फसले, याचा त्यात हिशेब होता. अशा प्रयत्नांपैकी एक मद्रास किनाऱ्यावरच्या पोर्टो नोव्होचा. गावाचे नावच पोर्तुगीज, म्हणजे 'नवे बंदर'. तिथे १८३० च्या सुमारास हीथ नावाच्या इंग्रज गृहस्थाने भट्टी घातली होती. रानड्यांचे म्हणणे थोडक्यात असे की खुला व्यापार हे तत्त्व पुस्तकात कितीही सुंदर असले तरी दुबळ्या देशात सरकारने उद्योगाला हात दिलाच पाहिजे. सरकार रेल्वे कंपन्यांना ५ टक्के व्याजाची हमी देत होते. म्हणजे सरकारने मदत करू नये हा नियम सगळ्यांना सारखा लागू नव्हताच.

पुढे १९०७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनी स्थापन झाली. स्वदेशीचे दिवस होते. मुंबईत भाग विक्रीला निघाले तेव्हा तीन आठवड्यांत सुमारे ८ हजार लोकांनी दोन कोटींवर रुपये उभे केले. जमशेटजी तोवर वारले होते. १९१२ साली साकची गावी पहिले पोलाद निघाले. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमिया आणि पॅलेस्टाईनमधल्या फौजांसाठी इथले रूळ गेले, आणि १९१९ साली व्हाइसरॉय चेम्सफर्डने साकचीचे नाव जमशेदपूर केले. नावाचा हा मान मिळाला, पण कंपनीचे खरे हाल त्यानंतर झाले.

युद्ध संपले तसे जगातले पोलादाचे भाव कोसळले. बेल्जियमसारख्या देशांची चलने घसरली होती, त्यामुळे त्यांचा माल आणखी स्वस्त पडू लागला. इकडे टाटांनी युद्धातल्या मागणीच्या भरवशावर कारखाना वाढवायला घेतला होता आणि त्याचा खर्च अंदाजाबाहेर गेला. १९२४ साली पगाराला पैसे नाहीत अशी वेळ आली. तेव्हा सर दोराबजी टाटांनी आपली खाजगी मालमत्ता इम्पीरियल बँकेकडे तारण ठेवून एक कोटीचे कर्ज काढले. पत्नी मेहेरबाईंचा ज्युबिली हिराही त्यात होता.

याच सुमारास सरकारचे धोरणही बदलत होते. १९२१ साली सर इब्राहिम रहिमतुल्ला या मुंबईकर गृहस्थांच्या अध्यक्षतेखाली फिस्कल कमिशन नेमले गेले. सरसकट सगळ्यांना संरक्षण नको, पारखून द्यावे, असा त्याचा निष्कर्ष. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत यालाच विवेचक संरक्षण म्हणतात. पारखायच्या कसोट्या तीन होत्या. उद्योगाला देशात नैसर्गिक सोयी आहेत का? संरक्षणावाचून तो वाढणारच नाही, असे आहे का? आणि पुढेमागे संरक्षणाशिवाय तो जगाच्या बाजारात उभा राहील का? खुद्द अध्यक्षांना आणि काही हिंदी सभासदांना हे धोरण कंजूष वाटले. त्यांनी भिन्नमतपत्रिका जोडली.

या कसोट्या लावण्यासाठी १९२३ मध्ये टॅरिफ बोर्ड बसले. अध्यक्ष रेनी, सभासद गिनवाला, आणि तिसरे आपले प्रा. वामन गोविंद काळे. फर्ग्युसन कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारे हे काळे पुढे बँक ऑफ महाराष्ट्रच्या संस्थापकांत होते. रानड्यांच्या पुण्यात ३० वर्षांपूर्वी ज्या प्रश्नावर निबंध वाचला गेला, त्याच प्रश्नाचा निवाडा करायला पुण्याचाच एक प्राध्यापक बसला होता.

मी फायलींत वाढलेला माणूस, त्यामुळे या बोर्डाच्या कामाची पद्धत मला फार आवडली. त्यांनी भावनेवर शेरा मारला नाही. जमशेदपुरात सळी बनवून वाजवी नफ्यासह विकायची तर टनाला किती पडेल? १८० रुपये. परदेशी सळी बंदरात जकातीवाचून कितीला उतरते? १४० रुपये. मग जकात ४० रुपये. पूर्वीची १० टक्के जकात १४ रुपयांच्या आसपास होती, हे लक्षात घेतले म्हणजे वाढ कळते. रुळांचा प्रश्न वेगळा होता. रेल्वेशी कंपनीचे जुन्या, कमी दराचे करार होते, तेव्हा नुसती जकात वाढवून कंपनीच्या हाती काही पडणार नव्हते. म्हणून रुळांवर सरकारी तिजोरीतून थेट अनुदान ठरले. त्या काळी त्याला बाउंटी म्हणत. पहिल्या वर्षी टनाला ३२ रुपये, दुसऱ्या वर्षी २६, तिसऱ्या वर्षी २०. दरवर्षी उतरते! मूल चालायला लागले की बोट सोडायचे, तसे.

१९२४ च्या जूनमध्ये हा कायदा झाला. मुदत तीन वर्षांची.

सभागृहात आणि बाहेर जो वाद झाला त्यात आमच्या घरातल्या दोन्ही बाजू होत्या. एक बाजू म्हणे, पोलाद नसेल तर देश कसला? युद्ध झाले तर तोफा कुठून आणाल? हा कारखाना बुडाला तर पन्नास वर्षे दुसरा कोणी धजणार नाही. दुसरी बाजू विचारी, जस्ती पत्र्यावर टनाला ४५ रुपये जकात लावाल, ती भरणार कोण? गरीब माणूस छपरावर पत्रा घालतो, शेतकरी फाळ घेतो. त्यांच्या खिशातून काढून एका कंपनीच्या भागधारकांना का द्यायचे? कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नेमलेले नारायण मल्हार जोशी त्या सभागृहात होते. मजूरपक्षाच्या लोकांचा प्रश्न आणखी सरळ होता. संपूर्ण देश जर या कारखान्याला पोसणार असेल, तर तिथल्या मजुराचे काय? या प्रश्नाला कायद्यात धड उत्तर मिळाले नाही. पुढे खर्च कमी करण्याच्या ओघात मजुरांची संख्या घटवण्याचे घाटले, आणि १९२८ साली जमशेदपुरात महिनोन्‌महिने संप आणि टाळेबंदी झाली. समेटासाठी सुभाषचंद्र बोस यांना मध्ये पडावे लागले.

जकात लावूनही प्रश्न मिटला नाही. कायदा होऊन काही महिने होतात न होतात तोच परदेशी भाव आणखी उतरले, रुपयाचा दर वाढला, आणि ४० रुपयांची भिंत बुटकी पडली. मग पुन्हा चौकशी, पुन्हा अनुदान. १९२७ साली मुदत संपल्यावर नवा कायदा आला. त्यात इंग्लंडच्या मालाला कमी जकात आणि युरोपातल्या इतर मालाला जास्त. हिंदी सभासद खवळले. संरक्षण आमच्या उद्योगाला मागितले होते, त्याच्या आडून साहेबाच्या कारखान्याला सवलत कशाला, असा त्यांचा रास्त सवाल होता. जो इंग्लंड पाऊणशे वर्षे आम्हाला खुल्या व्यापाराचे धडे देत होता, त्याने १९३२ साली स्वतःच्या पोलादासाठी ३३ टक्क्यांवर जकात लावली, हेही इथे नोंदवून ठेवतो.

असे असले तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. कारखाना तगला. दुसऱ्या महायुद्धापर्यंत देशाची पोलादाची बहुतांश गरज इथेच भागू लागली आणि १९४७ साली हे संरक्षण संपुष्टात आले. बोट सुटले आणि मूल चालत राहिले. मात्र त्याला तीन नव्हे, तेवीस वर्षे लागली.

आपल्या गोमंतकीयांना या बाबतीत आपलाही एक धडा आहे. १८७८ साली पोर्तुगीज आणि इंग्रज सरकारांत करार झाला आणि १८८० पासून १२ वर्षे गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामधली जकात उठली. मुरगावचे बंदर आणि रेल्वे याच कराराची फळे. ऐकायला खुला व्यापार! पण त्यासाठी गोव्याच्या मिठागरांवर इंग्रजांचे नियंत्रण आले आणि मीठ महागले. मोबदल्याचे वर्षाला ४ लाख रुपये गेले पोर्तुगीज सरकारकडे. करारावर सह्या करणाऱ्यांत मिठागरातला माणूस कुठेच नव्हता.

आज जगात तेच चालले आहे. २००२ साली अमेरिकेच्या अध्यक्ष बुश यांनी परदेशी पोलादावर ३० टक्क्यांपर्यंत जकात लावली. जागतिक व्यापार संघटनेत ती बेकायदा ठरली आणि २००३ च्या डिसेंबरात मागे घ्यावी लागली. २०१८ साली ट्रम्प यांनी राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन २५ टक्के लावली. २०२२ साली संघटनेच्या पंचांनी तीही नियमाबाहेर ठरवली, पण या खेपेला अमेरिकेने ऐकले नाही. उलट २०२५ च्या जूनमध्ये ती ५० टक्के केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या सरकारनेही स्वस्त आयातीविरुद्ध काही पोलादी मालावर २०० दिवसांसाठी १२ टक्के तात्पुरते शुल्क लावले. चीनची सरकारी मदत, त्यातून वाढलेले उत्पादन, ते स्वस्तात जगभर ओतणे, ही तक्रार खोटी नाही. १९२४ साली बेल्जियमबद्दल आपली तक्रार याच जातीची होती.

पण मग न्याय्य व्यापार म्हणजे काय? मी बापडा कारकून, मला मोठे उत्तर देता येणार नाही. एवढेच वाटते की जकात चांगली की वाईट हा प्रश्नच अपुरा आहे. काळे-गिनवालांच्या फायलीत तीन रकाने होते: किती, का आणि कधीपर्यंत. राष्ट्रीय सुरक्षा असा एकच शेरा मारून फाईल बंद केली की हे रकाने कोरे राहतात, आणि जकातीची मुदत कधी संपत नाही. त्या तिघांच्या फायलीत नसलेला चौथा रकाना मला माझ्या मेव्हण्याने दाखवला. याचे पैसे कोणाच्या टायरातून जातात?

परवा तो परत आला होता. वरच्या खोलीत दोघे चहा घेत बसलो. मी त्याला टाटांच्या हिऱ्याची गोष्ट सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, "भावजी, त्यांनी हिरा तारण ठेवला. मी बायकोची पाटली ठेवली. त्यांच्यासाठी बोर्ड बसले. आमच्यासाठी कोण बसणार?"

पाटली माझ्या बहिणीची. आम्ही दोघेही मग बराच वेळ गप्प होतो.