‘आवे वेरुम कॉर्पुस’ : एका लहान स्तोत्राचा इतिहास

परमप्रसादाच्या वंदनार्थ जीं प्राचीन लॅटिन स्तोत्रें कॅथॉलिक जगांत गाइलीं जातात, त्यांत ‘आवे वेरुम कॉर्पुस’ हें एक होय. कुमारी मरियेपासून जन्मलेलें व क्रुसावर अर्पिलेलें ख्रिस्ताचें खरें शरीर मरणसमयीं आमची शिदोरी होवो, असा त्याचा आशय आहे. या मध्ययुगीन शब्दांना मोझार्टनें चढविलेला स्वरसाज आज सर्वत्र प्रिय झाला आहे; तो ज्या प्रसंगीं निर्माण झाला, तो प्रसंग मननीय आहे.

सन १७८३ मध्यें सम्राट दुसरा योसेफ यानें व्हिएन्नांतील मंदिरांत वाद्यसंगीतावर कडक निर्बंध घातले. त्या काळांत मोझार्टच्या हातून धर्मसंगीत क्वचितच झालें. सम्राट १७९० सालीं निवर्तला. पुढील वर्षीं मे महिन्यांत व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन महामंदिरांत मोझार्टला उपसंगीतप्रमुखाची जागा मिळाली. पण ती बिनपगारी होती आणि त्याच्या डोक्यावर कर्ज होतें. त्याची गरोदर पत्नी कोन्स्तांत्स जवळच्या बाडेन गांवीं गंधकाच्या उन्हाळ्यांवर उपचारार्थ राहिली होती. तिच्या बिऱ्हाडाची व्यवस्था पाहण्याची विनंती मोझार्टनें आपले स्नेही आंतोन श्टोल यांना केली होती. हे गृहस्थ शाळामास्तर असून तेथील धर्मग्रामाचे गायकवृंदप्रमुख होते. त्यांच्यासाठींच ता. १७ जून १७९१ रोजीं मोझार्टनें हें स्तोत्र रचलें. त्या वर्षीं ख्रिस्तशरीराचा सण ता. २३ जून रोजीं होता.

रचना अवघ्या ४६ बारांची आहे. चार आवाज, तंतुवाद्यें व ऑर्गन एवढाच तिचा परिवार. हळू आवाजांत गावें, ही आरंभींची एकच सूचना. प्रारंभीं चारही आवाज बहुधा एकत्र चालतात. अखेरच्या प्रार्थनेंत मात्र स्त्रीस्वर पुढें होतात, पुरुषस्वर त्यांचें अनुकरण करितात, आणि मरणाच्या शब्दापाशीं सूर दीर्घ होतात. गांवच्या गायकांना झेपेल असें हें गीत आहे. परंतु श्वास व श्रद्धा यांची त्यांत पूर्ण कसोटी लागते.

पुढें ता. ५ डिसेंबर १७९१ रोजीं, वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं मोझार्ट मरण पावला. मृतांसाठीं आरंभिलेली त्याची मोठी मिस्सा अपुरीच राहिली. शाळामास्तरांच्या गायकवृंदास दिलेलें हें लहान स्तोत्र मात्र पूर्ण होतें. प्रिय वाचकहो, लहान धर्मग्रामाची सेवा थोर कलावंतानेंहि हलकी मानिली नाहीं. मग आपल्या गायनमाळ्यावर उभे राहणाऱ्यांनीं ती हलकी कां मानावी?