शाळेच्या वार्षिकांकाची कुळकथा

शाळेच्या वार्षिकांकाची दोन घराणी आहेत: एक चेहरे जपणारे, दुसरे लेखन जपणारे.

चेहऱ्यांचे घराणे अमेरिकेतले. येलमधून 1806 साली बाहेर पडलेल्या काही पदवीधरांच्या छायाकृती एकत्र करून पुस्तक निघाले, तेव्हा छायाचित्रणाचा शोधही लागायचा होता. पुढे इयरबुकने तेच वळण घेतले. प्रत्येकाचा फोटो आणि खाली दोन ओळी.

आपले घराणे सभेतून निघाले. मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी 1848 मध्ये सभा स्थापली. तिच्या मराठी शाखेत, ज्ञानप्रसारक सभेत, निबंध वाचले जात. 1850 पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिकातून ते छापले जाऊ लागले. तरुणांनी आधी चारचौघांत वाचायचे आणि मग ते छापायला द्यायचे, हा पायंडा तिथला. मुंबईजवळच्या ठाणे-कल्याणची माती त्याला पोषक होती. कल्याणला 1864 मध्ये सार्वजनिक वाचनालय उभे राहिले, ठाण्यातून 1866 मध्ये ‘अरुणोदय’ हे वृत्तपत्र निघाले आणि 1893 मध्ये ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झाले.

शाळेपर्यंत ही परंपरा पोचली ती हस्तलिखिताच्या वाटेने. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत असताना साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ दैनिक हाताने लिहून काढत; 1928 मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले. मराठी शाळांत हस्तलिखिताची रीत ठरूनच गेली. अक्षर चांगले असेल त्याच्याकडे प्रत उतरवण्याचे काम, चित्रकला जमते त्याच्याकडे मुखपृष्ठ, गॅदरिंगला पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन. प्रत एकच, म्हणून ती नंतर वाचनालयाच्या कपाटात.

छापील अंक आले तरी मजकुराचेच राज्य राहिले. त्याचे कारण खर्चात होते. खिळे जुळवून छापताना प्रत्येक फोटोसाठी वेगळा ब्लॉक करून घ्यावा लागे आणि त्याचे पैसे निराळे. साहजिकच फोटो मोजकेच असत. बाकी पाने कविता, प्रवासवर्णने, कोडी आणि अहवालांची. ऑफसेट आणि डीटीपी आल्यावर फोटो स्वस्त झाले आणि पानांवरची मजकुराची जागा हळूहळू चेहऱ्यांनी घेतली. इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी तर इयरबुक नावासकट स्वीकारले.

दोन्ही घराण्यांची सोयरीक जुळते ती मुलाखतीत: तिच्यात माणसाचा चेहराही येतो आणि लेखनही. हे काम मुलांच्या आवाक्यातले आहे. ठाण्यातल्या जिज्ञासा ट्रस्टचा ‘शालेय जिज्ञासा’ हा अंक मुलेच घडवतात. लिहिणे त्यांचे, संपादनही त्यांचे. शाळेच्या वार्षिकांकालाही हे जमण्यासारखे आहे, फक्त सुरुवात वेळेवर व्हायला हवी. जूनमध्ये संपादक मंडळ बसले, कोणाला भेटायचे ते ठरले आणि दिवाळीपूर्वी मजकूर हाती आला, तर मुद्रितशोधनाला सवड मिळते. गॅदरिंग पंधरा दिवसांवर आल्यावर काम हाती घेतले की नाइलाजाने फोटोच भरावे लागतात.

मुलाखतीचा कस प्रश्नांत लागतो. निवृत्त बाईंना किंवा शिपाईकाकांना ‘शाळेविषयी काय वाटते?’ विचारले, तर ‘फार छान वाटते’ एवढेच उत्तर मिळते. ‘तुम्ही रुजू झालात तेव्हा वर्ग कुठे भरायचे? पाणी कुठून यायचे? लोकल बंद पडलेल्या दिवशी किती मुले यायची?’ असे विचारले, की डोंबिवलीसारख्या शहराचे एखादे वर्षच समोर उभे राहते. लिहिताना त्यांचे शब्द त्यांच्याच वळणाने ठेवायचे आणि छापण्यापूर्वी मजकूर त्यांना वाचून दाखवायचा. नावातली वेलांटीसुद्धा त्यांच्याकडूनच तपासून घ्यायची, कारण छापून आलेल्या अंकात चूक राहिली, तर पुढच्या पिढीसाठी तीच खरी ठरते.