जत्रेच्या पेठेतील परके अन्न

गोव्यातील जत्रांच्या फेरीत खाजे आणि चणे-फुटाण्यांच्या दुकानांशेजारी फुलकोबीच्या मंचूरियनचे गाडे उभे राहू लागले, त्यास आता बरीच वर्षे झाली. २०२२ साली वास्को येथील श्री दामोदर देवस्थानच्या सप्ताहात या गाड्यांना आवर घालण्याची सूचना अन्न व औषध प्रशासनाने मुरगाव नगरपालिकेस केली. २०२४ च्या आरंभी श्री बोडगेश्वराच्या जत्रेच्या निमित्ताने म्हापसा नगरपालिकेने या पदार्थावर बंदी घातली, आणि त्याच वर्षी मार्च महिन्यात कर्नाटक सरकारने त्यात कृत्रिम रंग मिसळण्यास मनाई केली. लोकांच्या आरोग्याची ही काळजी सर्वथा योग्य होय. परंतु तिच्याबरोबर आपल्या मंडळींत आणखी एक प्रश्न ऐकू येतो: हे चिनी खाणे आपल्या देवाच्या दारात हवेच कशाला? या प्रश्नाचे उत्तर इतिहासाकडे मागावे लागेल.

जोयडा तालुक्यातील बाजारकुणंग या गावाच्या नावातच बाजार आहे. बाजार म्हटला की घाटाखालचा जिन्नस घाटावर चढणार आणि घाटावरचा खाली उतरणार. मिरची पोर्तुगीजांच्या गलबतांतून अमेरिकेहून आली. फुलकोबी इंग्रजी अमदानीत आली. श्राद्धाच्या स्वयंपाकात फुलकोबी आणि बटाटा पुष्कळ घरी अद्यापि वर्ज्य आहेत, पण रोजच्या ताटात दोहोंचा वावर आहे. देवाच्या रांधपघराचा नियम एक आणि पेठेचा दुसरा, हा विवेक आपल्या पूर्वजांनी केव्हाच केला होता.

आता कँटनकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईहून कँटनला जाणाऱ्या जहाजांत दोन जिन्नस मुख्य असत: कापूस आणि माळव्याची अफू. हीच अफू पोर्तुगीजांच्या दमण बंदरातूनही जात असे. त्या व्यापारातून मुंबईत मोठमोठ्या पेढ्या उभ्या राहिल्या. चीनमध्ये मात्र १८३९ ते १८४२ या काळात अफूचे युद्ध पेटले. पुढे बंडाळी आणि उपासमार यांनी कँटनचा प्रांत गांजला, आणि माणसे समुद्रापार निघाली. त्यांना देशोधडीस लावण्यात आपल्या किनाऱ्याचाही वाटा आहे, हे विसरता येत नाही.

कॅलिफोर्नियात १८४८ साली सोने सापडले, तेव्हा सी यप, म्हणजे कँटनजवळचे चार परगणे, येथील हजारो लोक सॅन फ्रान्सिस्कोस गेले. तेथील वेव्हर्ली प्लेस या गल्लीत समुद्रदेवी तिन हाऊचे मंदिर आहे. त्याची स्थापना १८५२ ची सांगतात. १९०६ च्या भूकंपात व आगीत ते नष्ट झाले, तेव्हा नव्या इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर ते पुन्हा वसविले. १५६० साली कुशस्थळीहून श्रीमंगेशाला प्रियोळला नेणाऱ्यांच्या वंशजांना देव बरोबर नेण्याची ही रीत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. नववर्षाच्या पहिल्या दिवशी अनेक कँटनी घरांतून मांस वर्ज्य करून लो हान जाय नावाचा शाकाहारी पदार्थ रांधतात. मठांच्या पाकपद्धतीत त्यात कांदा-लसूणही पडत नाही.

अमेरिकेने १८८२ साली कायदा करून चिनी मजुरांस दार बंद केले. व्यापाऱ्यास तेवढी ये-जा करता येई. १९१५ साली न्यायालयाने भोजनगृहाच्या मालकासही व्यापाऱ्याचा दर्जा दिला. मग अनेकांनी भागीदारीत पैसा घालून मोठी भोजनगृहे काढली, पाळीपाळीने व्यवस्थापक होऊन कागदपत्रे मिळविली आणि नातलगांस बोलावून घेतले. म्हणजे अमेरिकेत चिनी भोजनगृहे वाढली, ती केवळ जिभेच्या चोचल्यांमुळे नव्हेत. आप्तांस भेटण्याचा तो एक मार्ग होता. हा कायदा १९४३ साली रद्द झाला.

त्याच वेव्हर्ली प्लेसवर, जेथे सुमारे अर्धशतक फोर सीज हे मेजवान्यांचे भोजनगृह चालले होते त्या जागेत, २०१६ साली ब्रँडन ज्यू यांनी मिस्टर जियूज हे नव्या धर्तीचे कँटनी-अमेरिकन भोजनगृह उघडले. जियू हे घराण्याच्या नावाचे मूळचे रूप; अमेरिकेच्या दप्तरात ते बदलले गेले होते, ते नातवाने पाटीवर परत आणले. येथे पातीच्या कांद्याची चिनी पोळी मिळू लागली, पण तिचे पीठ सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रसिद्ध आंबट पावाच्या आंबवणाने आंबवलेले. उघडले त्याच वर्षी या भोजनगृहास मिशेलिनचा तारा लाभला. ज्यांच्या आज्यापणज्यांना बंदरावर अडवले, त्यांच्या घरचे अन्न प्रतिष्ठितांच्या मेजावर आले.

आपल्या देशातील गोष्ट याहून फार निराळी नाही. मुंबईत माझगावला १९१९ सालचे सी यप कून मंदिर आहे. नाव त्याच चार परगण्यांचे, आणि देवस्थान पुन्हा वरच्याच मजल्यावर. कोलकात्यात कँटनी सुतार आणि हक्का चर्मकार वसले. १९६२ च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानात देवळी येथील छावणीत डांबण्यात आले. त्यांत येथेच जन्मलेली मुलेबाळेही होती. अपराध शाबीत झाल्यावाचून ही शिक्षा झाली. त्यानंतर अवघ्या तेरा वर्षांनी, १९७५ साली, कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वाँग यांनी मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आले, लसूण आणि हिरव्या मिरचीच्या फोडणीत गरम मसाल्याऐवजी सोयाबीनचा रस घालून कोंबडीचे मंचूरियन सिद्ध केले. मंचूरियात असा पदार्थ नाही. कोंबडीच्या जागी फुलकोबी आली आणि तो शाकाहारी होऊन जत्रेच्या पेठेत पोहोचला.

तेव्हा ज्याला आपण परके म्हणतो, ते अन्न मुंबईत जन्मले, आणि त्यातील मिरची व फुलकोबी यांनी आपल्या स्वयंपाकघरात त्याच्याही आधी ठाव घेतला होता. देवस्थानांच्या समित्यांनी तेल तपासावे, रंग तपासावा, दोषी गाडा खुशाल हटवावा. तोच नियम भजी तळणाऱ्यासही लावावा. नैवेद्याची मर्यादा रांधपघरात अभंग राहो. परंतु चिनी आहे एवढ्याच कारणासाठी कोणास पेठेतून उठवू नये. घरदार सोडून, देव खांद्यावर घेऊन परमुलखात वसलेल्यांचे आपण वंशज आहोत. दुसऱ्या कोणी तसेच आणलेल्या अन्नाचा न्याय करताना आपल्याकडून उतावीळ होऊ नये, इतकेच आमचे सांगणे आहे.