वर्गणीची वही

अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 सालचं, वैद्य बंधूंनी काढलेलं. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथली मंडळी जाऊन देशी खेळ दाखवून आली. आमच्या दर्यापूर भागात मास्तर लोक ही गोष्ट छाती फुगवून सांगत. भाड्यातोड्याचा भाग मात्र त्या गोष्टीत नसे. खाशाबा जाधवांचं पुढं कळलं. 1952 त त्यांना हेलसिंकीला पाठवायला त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. ब्राँझ पदक सगळ्यांना आठवते, गहाणखत कोणाला नाही.

आमच्या गावचं मंडळ लहानसं. शाळेतल्या पोट्ट्यांची कबड्डी चालवायची, एवढंच काम. 1976 ला मी दहावी झालो, शेती धरली अन् अक्षर बरं म्हणून वही माझ्याकडं आली.

मोठा खर्च मैदानाचा. काळी माती, उन्हाळ्यात भेगा अन् पावसाळ्यात चिखल, म्हणून बंडीनं मुरूम आणावा लागे. मग एसटीचं भाडं, बनियन, आखायला चुना. स्पर्धा येत नेमक्या कपाशी फुलावर असताना. तेव्हा कास्तकाराच्या घरी दमडी कुठली? उत्तर ठरलेलं, "चुकारा आला का देतो, बाप्पा." 1972 पासून कापूस एकाधिकार खरेदीत गेलेला. चुकारा हप्त्याहप्त्यानं, म्हणून वर्गणीही तशीच. मधलं सारं किराणा दुकानदाराच्या उधारीवर.

वहीत रुपयांच्या बाजूला आणखी एक रकाना होता. 'एक बंडी मुरूम.' 'दोन पायल्या ज्वारी.' 'पोरांचं एका रातीचं जेवण.' याची किंमत करायची नाही, पण लिहायचं, हा आमच्या सरांचा हट्ट. होळीच्या आधी मारुतीच्या पारावर सारी वही मोठ्यानं वाचली जाई. ज्याच्या घरून काहीच आलं नाही त्याचं नाव घेत नसू. न घेतलेलं नाव गावाला बरोबर ऐकू येई, ते वेगळं.

एका निवडणुकीच्या वर्षी एका पुढाऱ्यानं सगळाच खर्च देऊ केला. बनियनवर त्याचं नाव छापायचं, बस. अर्धं मंडळ राजी होतं. भांडण अर्ध्या रातीपर्यंत चाललं. शेवटी एक म्हातारबा म्हणाले, "मंग होयीले वही कोणाची वाचाची?"

त्यावर कोणी बोललं नाही. पोरं घरच्या पांढऱ्या बनियन घालून गेली. पाठीवरचे आकडे जिनिंगात कापसाच्या गाठींवर नंबर टाकायच्या काळ्या शाईनं काढले. ती शाई कितीही धुतली तरी जाईना. दुकानदाराची उधारी पुढच्या वर्षीच्या पहिल्या वेच्यानंतर फिटली.